बदकांसाठी ठेवलेली बंदूक

बंदूक घ्यायला गेलो तो ऑगस्ट महिना होता, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शुगर लँडच्या त्या भट्टीत मी हातात जाड हिवाळी कोट आणि लोकरी हातमोजे घेऊन दुकानात शिरलो. ही अक्कल माझी नव्हे, बरोबर आलेल्या म्हाताऱ्याची. हा म्हातारा एके काळी प्लांटवर माझा बॉस होता. रिटायर झाल्यावर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकटाच राहायचा, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दर हिवाळ्यात तो किनाऱ्याकडच्या दलदलीत बदकं मारायला जायचा आणि त्यातली दोन आणून आमच्या दारात ठेवायचा. माझी मुलगी तेव्हा लहान होती. ती त्याला ‘डक आजोबा’ म्हणायची. ते नाव घरात कायमचं चिकटलं.

पुढे मीही त्याच्याबरोबर जायला लागलो. पहिले दोन हिवाळे मी त्याची जुनी बंदूक मागून नेली. तिसऱ्या वर्षी तो म्हणाला, "आता स्वतःची घे." मी इंजिनियर माणूस. आठवडाभर बसून तक्ता केला, वीस बंदुकांची तुलना केली आणि एक इटालियन दुनळी पसंत केली. अक्रोडाचं लाकूड, त्यावर कोरीव वेलबुट्टी. क्लबात नेमबाजीसाठी हवेत उडवतात त्या मातीच्या तबकड्याही फोडता येतील आणि बदकंही मारता येतील, असा माझा हिशेब. एका वस्तूची दोन कामं झाली नाहीत तर आपल्या माणसाला ती महागच वाटते.

म्हाताऱ्याने तक्ता शेवटपर्यंत वाचला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "दोन्हीला चालते ती एकालाही चालत नाही. जी चिखलात पडली तर तुझा जीव हळहळेल, ती बदकांची बंदूक नव्हे."

मग भर ऑगस्टात त्याने मला कोट-हातमोजे घालून दुकानात उभं केलं आणि एकेक बंदूक खांद्याला लावायला लावली. घामाच्या धारा लागल्या होत्या. दुकानातली पोरं तोंड फिरवून हसत होती. पण त्याचं बरोबर होतं. नुसत्या शर्टावर जी बंदूक नीट बसते ती जाड कोटावर काखेत अडकते, आणि माझे हात काही अमेरिकन मापाचे नाहीत. शेवटी त्याने निवडली ती एक काळी, बिनचकाकीची, प्लास्टिकच्या दस्त्याची पंप बंदूक. नळीखालचा दांडा हाताने मागेपुढे ओढला की पुढचं काडतूस चढतं. दस्ता त्याने इंचभर कापून घेतला. दिसायला अगदी बंबातल्या पाइपासारखी. मी हिरमुसलो. तो खूश होता.

बंदूक सांभाळायचे नियमही त्याचेच. ती फक्त बदकांसाठी. तबकड्या नाहीत, हरीण नाही, कुणाला उसनी द्यायची नाही. दलदलीतून आलं की आपला चहा नंतर, आधी बंदूक गोड्या पाण्याने धुवायची, कारण तिथलं पाणी खारं आणि एका दुपारीत गंज धरतं. मग पुसायची, वाळवायची, आणि बंदुकीच्या तेलाचा नुसता हात फिरवायचा. "तेल कमी, पुसणं जास्त," हे तो इतक्यांदा म्हणायचा की मला झोपेतही ऐकू यायचं.

आणखी एक त्याचा विक्षिप्तपणा होता. बंदुकीचा दांडा मागेपुढे ओढला की आवाज येतो, तो ऐकून तो बंदुकीची तब्येत सांगायचा. डोळे मिटून खुर्चीत बसायचा आणि मला म्हणायचा, "वाजव." दलदलीत फिरणाऱ्या बंदुकीत म्हणे कितीही धुतली तरी बारीक वाळूची कचकच राहते. ती कचकच त्याला आवडायची. मला वीस वर्षं ती कधी ऐकूच आली नाही.

आमच्या घरात या बंदुकीचं एकच कौतुक व्हायचं, खंडेनवमीला. बायकोला बंदूक मुळीच आवडत नाही. बंदुकीच्या तिजोरीचा नंबरही तिला नको असतो. पण खंडेनवमी म्हटलं की कामाची प्रत्येक वस्तू पाटावर आलीच पाहिजे. तिचा लॅपटॉप, विळी, शिवणयंत्र, माझा मल्टिमीटर, आणि शेवटी रिकामी केलेली बंदूक. ती नाक मुरडत तिलाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहायची. "नको असलं तरी घरात आहे ना, मग पूजा होणार," हे तिचं तत्त्व. माझ्याबद्दलही तिचं बहुधा हेच असावं.

म्हाताऱ्याची नजर गेली ती हळूहळू. आधी मधला भाग धूसर झाला, मग गाडीचं लायसन्स गेलं. ओहायोतली त्याची मुलगी फोनवर माझ्याशी बोलायला लागली तेव्हाच मी ओळखलं की आता फार दिवस नाहीत. फेब्रुवारीत ती त्याला कायमचं तिकडे नेणार होती, तिच्या घराजवळच्या एका वृद्धाश्रमात. डिसेंबरात म्हातारा मला म्हणाला, "जायच्या आधी एक पिनटेल खायचं आहे." पिनटेल म्हणजे लांब टोकदार शेपटीचं, आपल्याकडे ज्याला तलवार बदक म्हणतात ते. त्याच्या बायकोची रेसिपी होती. मी म्हटलं, "मी मारतो, तुम्ही फक्त बसा." इतकी वर्षं त्याने मला खाऊ घातलं होतं. एक पक्षी मी त्याला देऊ शकणार नाही?

जानेवारीत उत्तरेचं वारं आलं, पाण्याच्या कडेला बर्फाची पापडी धरली, आणि आम्ही गेलो. त्या मोसमातली माझी ती पहिलीच खेप होती. आधीचे महिने प्लांटच्या कामात गेले होते. मी त्याला हाताला धरून गुडघाभर पाण्यातून गवताच्या आडोशापर्यंत नेलं आणि बादलीवर बसवलं. नकली बदकं पाण्यात सोडली. माझा गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता. उजाडताना म्हाताऱ्याने शिट्टी तोंडाला लावली आणि पिनटेलची शीळ घातली. त्याला दिसत काहीच नव्हतं, पण आकाशात काय आहे ते माझ्याआधी त्याला कळत होतं.

"डावीकडून. दोन. थांब. थांब. आता."

नर अगदी समोर पाय सोडून उतरत होता. पांढरी छाती, ती शेपटी. इतक्या जवळून मी चुकलोच नसतो. मी चाप ओढला. टक्. बस, एवढंच. बार नाही.

मी नळी पाण्याकडेच धरून थिजून उभा राहिलो. बार उशिराने होऊ शकतो म्हणून तसं थांबायचं असतं. दोन्ही पक्षी वर चढले आणि गेले. मिनिटभराने काडतूस काढलं. त्याच्या बुडावर जेमतेम एक ओरखडा होता.

"रिकामी कर आणि इकडे दे," म्हातारा म्हणाला.

त्याने हातमोजे काढले, बोटांनी चाचपत बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा लोखंडी ठोकळा, उघडला आणि नखाने आतून पांढरं मेणासारखं काहीतरी खरवडलं. ते नाकाशी नेलं. चेहऱ्यावर गोंधळ.

"तू बंदुकीत केक भाजलास का?"

वास मलाही आला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते खोबरेल तेल होतं. खंडेनवमीच्या सकाळी बंदुकीच्या तेलाची बाटली संपलेली निघाली. पाटावर सगळं मांडून झालं होतं आणि बायको हाका मारत होती, "अहो, आरती थांबलीय!" मी बाथरूममधली खोबरेलाची बाटली उचलली आणि देवापुढे कोरडी कशी ठेवायची म्हणून सढळ हाताने ओतली, अगदी चंपी केल्यासारखी. ऑक्टोबरात शुगर लँडला ते पाण्यासारखं पातळ होतं. तिजोरीत गेली आणि मी विसरलो. थंडीत खोबरेल गोठतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बाटली उन्हात ठेवण्यात माझं लहानपण गेलं. तीस वर्षं प्लांटवर वंगणांचा हिशेब ठेवणाऱ्या मला ते आठवलं नाही. आत काडतुसाच्या बुडावर आदळणारा टोचा आणि स्प्रिंग त्या मेणात रुतून बसली होती.

मी त्याला सगळं सांगितलं, पूजा वगैरे. मला वाटलं चिडेल. तो हसत सुटला. मग बोल्ट सुटा करून त्याने शर्टाच्या आत पोटाशी धरला, तेल वितळावं म्हणून, आणि अर्धा तास तसाच कुडकुडत बसला. न बघता त्याने तो पुसला, परत चढवला, दांडा ओढून कान लावला. ओठ निळे पडले होते, पण त्या अर्ध्या तासात त्याला कुणी हाताला धरून चालवत नव्हतं, एवढं मी पाहिलं. नंतर दुपारपर्यंत आम्ही बसलो. एकही पक्षी आला नाही. येताना गाडीत हीटर लावून मी रडलो. त्याला दिसत नव्हतं, पण ऐकू येत असणारच. तो खिडकीकडे तोंड करून बसला.

निघायच्या दिवशी त्याने एकच गोष्ट मागितली. "जात राहा. नाहीतर मी तुला एवढं शिकवलं ते कशाला?" मी हो म्हटलं.

त्याला आता तीन वर्षं झाली. दर काही आठवड्यांनी त्याची मुलगी फोन लावून देते. पहिली दोन वर्षं मी गेलो, एकटाच. यंदा नाही गेलो. खरं कारण काहीच नाही. एकसष्ट वर्षांचा आहे, गुडघ्यात पाणी होतं, पाण्यात उतरायचा रबरी सूट चढवायलाच दहा मिनिटं लागतात, आणि पहाटे साडेतीनला उठून ज्याच्याशी बोलायचं तो माणूस तिथे नसतो. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. बंदूक मात्र मी दर महिन्याला काढून पुसत होतो. तेवढ्याने मनाला बरं वाटायचं.

जानेवारीच्या एका रविवारी फोन आला. त्याचा आवाज आता फार बारीक झाला आहे. इकडचं तिकडचं झालं. मग त्याने विचारलं, "सीझन कसा चाललाय?"

"बरा चाललाय," मी म्हटलं. "दोन मिळाली." इतकं सहज खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

"वाजव बघू."

मी बंदूक आणली, रिकामी आहे ना पाहिलं, फोनजवळ धरून दांडा ओढला. तो म्हणाला, "परत." मी परत ओढला. पलीकडे कुणाचा तरी टीव्ही चालू होता.

"या बंदुकीत वाळू नाही," तो म्हणाला. "तू गेला नाहीस."

मी गुडघ्याचं सांगितलं. उठवत नाही म्हणून सांगितलं. तुम्ही नाहीत म्हणूनही सांगितलं, जे एवढ्या वर्षांत कधी तोंडातून निघालं नव्हतं. त्याने सगळं ऐकलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मग विकून टाक. बदकांची बंदूक कपाटात ठेवायची नसते. तुला वचनातून सोडलं."

ओरडला असता तर परवडलं असतं. बायको ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. बंदुकीवर एवढा राग असलेली बाई, पण फोन ठेवल्यावर म्हणाली, "त्या माणसाशी खोटं बोलायला नको होतं हो." नंतर माझ्यासाठी तिने थर्मास धुवून ठेवला.

मोसमाच्या शेवटच्या शनिवारी मी गेलो. कौतुक करण्यासारखं काही घडलं नाही. अंधारात एकदा घसरलो, बंदूक दस्त्यापर्यंत चिखलात रुतली. गुडघ्याने दिवसभर माझा उद्धार केला. दूरवरून पिनटेलांचा थवा गेला. मी शिट्टी वाजवली, ती मला कधीच जमली नाही. एकही बार न काढता अकरा वाजता परत निघालो. इतका थकलो होतो की वाटेत एका गॅस स्टेशनवर गाडीतच झोपलो.

घरी आलो तो बूटही न काढता गॅरेजमध्येच उभं राहून फोन लावला. त्याच्या मुलीने उचलला. म्हणाली, "बाबा आज फारसे बोलत नाहीयेत." मी म्हटलं, "बोलू नका म्हणावं. फोन फक्त त्यांच्या कानाला लाव." मग बंदूक रिकामी असल्याचं पाहून दांडा ओढला. एकदा, मग पुन्हा एकदा. आणि वीस वर्षांत पहिल्यांदा ती कचकच मलाही ऐकू आली.

पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता, लांब आणि खरखरीत. मला वाटलं झोप लागली असेल.

"आता आधी ती धू," तो म्हणाला. "माझ्याशी बोलत काय उभा राहिलायस."