सगळ्यात खालची पातळी

मी तेव्हा कुरुळीतल्या एका शाळेत सातवीला मराठी शिकवत होते. एका वर्षी शाळेला देणगीतून टॅब मिळाले आणि त्यात वाचनाचं एक ऑनलाइन अ‍ॅप. मुलानं आधी चाचणी सोडवायची, मग अ‍ॅप त्याला झेपेल तो धडा द्यायचं. कुणाला सातवीचा, कुणाला पाचवीचा. प्रशिक्षण द्यायला आलेल्या बाईंनी एक गोष्ट दोनदा सांगितली होती, कुणाची पातळी काय हे फक्त शिक्षकाला दिसलं पाहिजे.

मी पहिल्याच आठवड्यात ती यादी भिंतीवरच्या पडद्यावर लावली. लाज वाटली की मुलं अभ्यास करतात, असं माझं मत होतं.

सगळ्यात खाली एक मुलगी होती. परभणीकडची, वडील कंपनीत लागले म्हणून त्याच जूनमध्ये आलेली. तिची पातळी तिसरी. इतरांना नदीच्या प्रदूषणावरचा उतारा यायचा तेव्हा तिच्या टॅबवर मनीमाऊची गोष्ट यायची, मोठ्या अक्षरात. दोन दिवसांत वर्ग तिला 'तिसरी' म्हणू लागला. एकदा हजेरी घेताना मीही म्हणाले, "आमची तिसरी आलीय का?" वर्ग हसला. तीही हसली, जरा उशिरा, इतरांकडे बघून.

दिवाळीनंतर ती एकदम पाचवीवर दिसली. मला आनंद व्हायला हवा होता. राग आला.

"कुणी सोडवून दिलं?"

"मीच केलं, मॅडम. पप्पाच्या मोबाइलवर. लई बार वाचलं."

"मग इथं वाच."

तिला पुढे उभं केलं, तिचा टॅब पडद्याला जोडला. नवा उतारा आला. दुसऱ्याच ओळीतल्या जोडाक्षरावर ती अडली. मागून कुणीतरी म्याव केलं. मी कुणाला गप्प केलं नाही, हाताची घडी घालून उभी राहिले. तिनं तो शब्द चार वेळा धरला आणि चार वेळा सोडला. मग मी सगळ्यांदेखत तिची पातळी परत तिसरी केली.

दुपारी स्टाफरूममध्ये अहवाल भरताना तिचं पान उघडलं. एकच धडा तिनं एकतीस वेळा वाचला होता. चुका आधी दहा, मग आठ, मग सहा. दुसऱ्यानं सोडवून दिलेल्या धड्यात अशा चुका नसतात. तिची पातळी वर न्यायला एक बटण पुरेसं होतं. पण मग माझी चूक वर्गाला पडद्यावर दिसली असती. मी पान बंद केलं.

त्यानंतर तिनं टॅबला हात लावला नाही. न वापरणाऱ्या मुलाला अ‍ॅप सरासरीत धरत नाही, त्यामुळे माझ्या वर्गाचा आलेख चढला. मुख्याध्यापिकांनी सभेत माझं कौतुक केलं. मी आभार मानले.

एप्रिलमध्ये तिची आई दाखला न्यायला आली. त्यांनी निघोज्याला खोली घेतली होती. मुलगी शेजारी उभी होती.

"मॅडम, पोरगी वाचंनाच झाली," आई म्हणाली. "आधी दुकानाच्या पाट्या बी वाचायची. वर्गात काई झालं का?"

"नाही हो. या वयात होतं असं."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलेन म्हणून थांबली असावी. मग तिनं मान वळवली.

कारकुनानं दाखल्यावरून पेन उचलून विचारलं, "अभ्यासातील प्रगती काय लिहू?"

"साधारण," मी म्हणाले.