शुक्रवारच्या यादीतली चूक

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या प्रयोगशाळेत ती सतरा वर्षं कामाला होती. समोर प्लास्टरचा जबडा, हातात मेण कोरायची सुरी आणि कानांवर हेडफोन, असा तिचा दिवस जायचा. आठवडाभरात कुठे कुठे नवीन संगीत आलंय ते ती हुडकून काढायची, चाळीस-पन्नास गाणी ऐकायची आणि शुक्रवारी सकाळी त्यांतली सात निवडून फोनवरच्या एका ग्रुपवर टाकायची. ग्रुपमध्ये तीनशेच्या वर माणसं होती आणि बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं. तिला सगळे ‘शुक्रवार’च म्हणायचे. प्रत्येक गाण्याखाली ती दोन ओळी लिहायची. ‘तिसऱ्या मिनिटाला मागे कुणीतरी खुर्ची सरकवतं, ते ऐका,’ असं काहीतरी. लोक ऐकायचे आणि तिच्या कानांची तारीफ करायचे. वरवर ती हसण्यावारी न्यायची, पण ते वाचून तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एका सोमवारी सकाळी दात घासताना तिला वाटलं, डाव्या कानात पाणी गेलंय. तिने मान तिरकी करून डोकं झटकलं, बोट घालून पाहिलं. पाणी नव्हतं. त्या बाजूला नळाचा आवाजच येत नव्हता. नुसती एक बारीक शिट्टी वाजत होती, आणि ती तिच्या डोक्याच्या आत होती.

तिचे वडील पन्नाशीतच ठार बहिरे झाले होते. सुरुवातीला घरातले त्यांच्याशी ओरडून बोलायचे, मग वैतागून बोलायचे, मग बोलायचेच नाहीत. वैतागणाऱ्यांत तीही होती. जेवताना सगळे हसले की वडील एक क्षण उशिराने हसायचे. ते हसू आठवलं आणि तिने टूथब्रश तसाच बेसिनमध्ये ठेवून दिला.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. सर्दी झाली असेल, उतरेल, अशी स्वतःची समजूत घातली. फोन उजव्या कानाला लावू लागली. चालताना नवरा उजवीकडे येईल अशी जागा धरू लागली. बुधवारी रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली सायकल तिच्या कोपराला घासून गेली. सायकलवाला वळून म्हणाला, केव्हाची घंटी वाजवतोय. तिने माफी मागितली आणि पलीकडच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

गुरुवारी तिने उसनं अवसान आणून यादी केली. सातवं गाणं नवख्या कुणाचं तरी होतं. गाण्यासोबतच्या चित्रात नुसती एक खिडकी, गाणाऱ्याचं नाव नाही. बाईचा आवाज, साथीला एकही वाद्य नाही, आणि दर ओळीनंतर लांब शांतता. ती भारावून गेली. तिने लिहिलं, ‘एकटीने गायलंय. दोन ओळींमध्ये एवढी शांतता ठेवायला छाती लागते.’

शुक्रवारी दहाच्या सुमारास ग्रुपवर एकाने विचारलं, शुक्रवारताई, तुम्ही भलतंच गाणं टाकलंय का? दुसऱ्याने लिहिलं, ‘शांतता कुठेय? तिथे दुसरी बाई गाते ना. दोघी एकमेकींना उत्तरं देतात.’ मग थट्टा सुरू झाली. यादी बहुतेक झोपेत केली असणार, आता हिला शनिवार म्हणायला हवं.

तिने मेणाची सुरी खाली ठेवली, हेडफोन काढले, उलटे करून घातले आणि तेच गाणं लावलं. आता पहिली बाई गायब होती. आदल्या दिवशी जिथे शांतता होती, नेमक्या तिथे दुसरी एक बाई गात होती. तिचा आवाज जाडसर होता, ओळ संपताना ती किंचित हसत होती. एकीचा आवाज फक्त उजव्या बाजूला आणि दुसरीचा फक्त डाव्या बाजूला ठेवला होता. ही बाई काल पूर्ण वेळ गात होती, आपल्या डोक्यापासून चार बोटांवर. आणि आपण तिला शांतता म्हणालो.

फोन वाजला तेव्हा ती दचकली. ग्रुपवरच्या निवृत्त परिचारिका होत्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. त्यांच्याशी ती आजवर दोनदाच बोलली होती.

“दुसरी बाई तुला ऐकूच आली नाही, हो ना?” सिस्टरांनी सरळ विचारलं.

तिने फोन उजव्या कानाशी घट्ट धरला.

“कुठला कान?”

“डावा.”

“कधीपासून?”

“सोमवारपासून. सर्दी असेल, सिस्टर.”

“नसेलही. अचानक गेलेल्या कानाला दिवस मोजून मिळतात. हातातलं काम टाक आणि आत्ता कानाच्या डॉक्टरांकडे जा. संध्याकाळी नाही, आत्ता.”

तिने नवऱ्याला फोन केला. बोलायला गेली आणि रडूच फुटलं. तो बस दुरुस्त करण्याच्या कामावर होता, तसाच काळ्या हातांनी आला. वाटेत त्याने फक्त एवढंच विचारलं, मला का नाही सांगितलंस? “ओरडून बोलायला लागशील म्हणून,” ती म्हणाली. रिकामी खुर्ची असूनही दवाखान्यात तो तिच्या उजव्या बाजूला उभाच राहिला.

डॉक्टरांनी तपासणी केली, गोळ्या दिल्या, कानाच्या पडद्यातून सुई टोचून आत औषध सोडलं. पाच दिवस वाया गेलेत, म्हणाले, मी शब्द देणार नाही. त्यानंतरचे दिवस तिने जीव मुठीत धरून काढले. पुढच्या शुक्रवारी यादीच्या जागी तिने खरं काय ते लिहिलं: मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, मी चुकीचं लिहिलं, त्या दोघी आहेत. थट्टा करणाऱ्याने माफी मागितली. तिला त्याचा राग नव्हता. पण कुणी उत्तर लिहायला घेतलं की ती फोन पालथा ठेवायची. वाटायचं, आता कीव येणार.

तिसऱ्या आठवड्यात नवरा डावीकडून काहीतरी पुटपुटला आणि तिने मान वळवली. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता, पण आला होता. निम्माअधिक कान परतला. वरचे सूर परतले नाहीत, ते परतणारही नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं.

यादी आता पुन्हा जाते. पाठवण्याआधी ती सिस्टरांना ऐकवते, आणि त्या खुशाल चुका काढतात. रोज सकाळी जाग आली की ती डोळे मिटूनच पडून राहते. आधी उजव्या कानाशी दोन बोटं एकमेकांवर घासते, मग डाव्या. दुसऱ्या वेळी, आवाज येईपर्यंत, जरा जास्त वेळ घासते.