बाईच्या जागी महिला

प्रबंध टाइप करून देणाऱ्या त्या बाईंचं दुकान विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली आहे. एक संगणक, एक प्रिंटर, दोन स्टुलं. सत्तावीस वर्षांत त्यांची बोटं टाइपरायटरवरून कीबोर्डवर आली, मनगटाचं दुखणं मात्र सोबत आलं. माउस फार वेळ धरवत नाही, म्हणून शिफ्ट दाबून बाणाच्या बटणानं त्या एकेक अक्षर निवडतात. शब्द पुरता निळा होईपर्यंत श्वाससुद्धा घेत नाहीत.

त्या दिवशी घरकामगारांवरचा एक प्रबंध पाचच्या आत कार्यालयात पोचायचा होता. मुदत दोनदा वाढवून झालेली. आज चुकलं तर संशोधक मुलीची नोंदणीच रद्द. आणि सकाळी तिच्या सरांचा निरोप आला, ‘बाई’ हा शब्द बरा दिसत नाही, सगळीकडे ‘महिला’ करा. बाईंनी ‘सगळे बदला’चं बटण दाबलं, फाइल सेव्ह करून बंद केली, प्रत छापायला लावली आणि डबा उघडला.

दोन वाजता मुलगी प्रत चाळायला लागली.

“बाई, हे ‘मोमहिलाल’ काय आहे?”

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. “मोबाईल. अरे देवा! पोटातली ‘बाई’पण उचलली मेल्यानं.”

“आणि इथे ‘महिलाने सांगितले’. ‘महिलाचा पगार’.”

“महिलेने, महिलेचा. त्याला कुठलं आलंय व्याकरण! पण मला तर कळत होतं ना?”

फाइल बंद करून झाल्यामुळे आता मागे फिरायची सोय नव्हती, आणि मुळातल्या ‘महिला’ही त्यात मिसळल्यामुळे उलटं बदलताही येत नव्हतं. तीनशेच्या वर जागा. पहिल्या प्रकरणापासून मुलगी आधी छापलेली जुनी प्रत वाचत गेली आणि बाई शोधत, निवडत, खोडत गेल्या. साडेतीनला त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवून दिला आणि डाव्यानं काम चालू ठेवलं.

“‘महिलामाणसाला विचारतं कोण?’” पडद्यावर बघून मुलीला हसू फुटलं.

बाई हसल्या नाहीत. “हे कोण बोलतंय?”

“धुणीभांडी करणाऱ्या एक आजी.”

“मग त्यांची ‘बाई’ त्यांना परत दे. मुलाखतींत कुणाचीच बदलायची नाही.”

“अहो, सर चिडतील!”

“चिडू देत. तुम्ही लोक तुमच्या वाक्यांत महिला लिहा, त्यांच्या तोंडात कशाला घालता? वाच पुढे.”

काम आणखी वाढलं. चार पस्तीसला छपाई संपली आणि गठ्ठा छातीशी धरून मुलगी पळाली. बाई तशाच बसून राहिल्या. पडदा काळा झाला तरी त्यांनी बटणाला हात लावला नाही.

सव्वापाचला फोन वाजला.

“घेतला, बाई! फक्त आभाराचं पान आपण बघितलंच नाही. मी लिहिलं होतं, ‘टायपिंगच्या बाईंचे आभार’. त्याचं ‘टायपिंगच्या महिलांचे’ झालंय. इथले क्लार्क विचारत होते, किती जणी होत्या?”

“चार-पाच सांगायचंस,” बाई म्हणाल्या. “तेवढ्यांची दमणूक झालीय.”