टेंबे बाईंचं तिकीट

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांतली मी. या ग्रुपवरचे अनुभवही टाइमपास म्हणूनच वाचायचे... आणि आता स्वतःच लिहायला बसलेय. हसा खुशाल. शाळा सगळी हिंदीतून झाली, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या.

मी देवासची. बाबा इथल्या कारखान्यात नोकरीला लागले तेव्हापासून आम्ही इथलेच. मागच्या वर्षी मी लायब्ररी सायन्सचा कोर्स केला. शेवटी एक डिजिटल पोर्टफोलिओ द्यायचा होता – काय शिकलात, कुठे काम केलंत, त्याचे फोटो, स्कॅन, आणि वर 'आत्मचिंतन'! कामाच्या अनुभवासाठी मी सहा आठवडे धारला मावशीकडे राहून तिथल्या एका जुन्या मराठी वाचनालयात जात होते.

तिथले ग्रंथपाल दिघे काका. माझे सहा आठवडे शनिवारी संपणार होते आणि ते सोमवारी रिटायर होणार होते. तिथे अजून तिकिटाची पद्धत आहे. तिकीट म्हणजे वाचकाच्या नावाचं पुठ्ठ्याचं छोटंसं पाकीट. पुस्तकाचं कार्ड पुस्तकाच्याच मागच्या खिशात असतं. पुस्तक नेलं की कार्ड तिकिटात घालून ट्रेमध्ये उभं करायचं. परत आलं की कार्ड पुन्हा पुस्तकात आणि तिकीट वाचकाच्या हातात.

ट्रेच्या अगदी शेवटी एक तिकीट काही वर्षांपासून तसंच उभं होतं. निसरपूरच्या टेंबे बाईंचं. तिथल्या शाळेत शिकवायच्या, महिन्यातून एकदा बसने धारला यायच्या. काका सांगायचे, बाईंनी नेलेलं पुस्तक कधी उघडं परत आलं नाही, कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घालूनच यायचं. मग धरणाचं पाणी गावात आलं, माणसं विखुरली. बाई कुठे गेल्या कोणालाच कळलं नाही. शेवटचं नेलेलं प्रवासवर्णन त्यांच्याकडेच राहिलं.

काकांनी चार्ज द्यायच्या आधी वाचनालयाचे सेक्रेटरी आमच्या माळवी थाटात म्हणाले, "दिघे भिया, हे जुनं सगळं क्लोज करा यार. हरवलं लिहा, बात खतम."

काका म्हणाले, "हरवलेलं नाही, बाहेर गेलंय. त्या बाईचं घर गेलं, गाव गेलं... आणि आपण तिच्या नावापुढे हरवलं लिहायचं? मी नाही लिहिणार."

मला वाटलं, काका उगाच अडून बसलेत. शनिवारी ते जेवायला घरी गेले तेव्हा मी चार्जच्या यादीत त्या पुस्तकापुढे 'हरवले' टाइप केलं आणि प्रिंट काढून ठेवली. तिकीट ट्रेमधून काढलं आणि – सांगायला लाज वाटते – पोर्टफोलिओत नमुना म्हणून दाखवायला पर्समध्ये टाकलं.

काका आले. यादी पाहिली, ट्रेकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "बेटा, मला विचारायचं तरी." रोज माझ्यासाठी अर्धा चहा ठेवणारा माणूस त्या दिवशी चहाच प्यायला नाही. तिकीट परत ठेवायची माझी हिंमत झाली नाही. संध्याकाळच्या बसने तसंच घेऊन देवासला आले.

रविवारी दुपारी तिकीट आणि त्यातलं कार्ड शेजारी शेजारी ठेवून स्कॅन केलं. ती फाइल आजही आहे, दोन्ही स्वच्छ दिसतात. मग कार्ड तिकिटात घातलं, तिकीट फोल्डरमध्ये, आणि आत्मचिंतन लिहायला घेतलं. 'या कामातून आपण काय शिकलात?' ...डोळ्यांसमोर काकांचा चेहराच येत होता. एक ओळ लिहिता आली नाही.

सोमवारी सकाळी ठरवलं, फोन करून कबूल करून टाकायचं. फोल्डर उघडलं. तिकीट होतं. आत कार्ड नव्हतं.

फोल्डर झटकलं, पर्स पालथी केली, पलंगाखाली शिरले. आई म्हणाली, "मी तर हातही नाही लावला गं त्याला!"

काका नुकतेच वाचनालय उघडून बसले होते, रडत रडतच त्यांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "थांब. फोन चालू ठेव." चपलांचा आवाज आला, कपाटाचं दार करकरलं.

"बेटा... पुस्तक जागेवर आहे."

"कुठलं पुस्तक?"

"बाईंचं. कव्हर घातलंय. कॅलेंडर ह्याच वर्षीचं आहे गं." पानं उलटल्याचा आवाज. "आणि कार्ड खिशात आहे."

नंतर धारला जाऊन मी ते कार्ड पाहिलं. कोपऱ्यावरचा शाईचा डागसुद्धा स्कॅनमधलाच.

बाईंना कोणीही पाहिलेलं नाही. शनिवारी कुलूप काकांनीच लावलं होतं, सोमवारी उघडलंही त्यांनीच. बरं, समजा बाई कधीतरी गुपचूप पुस्तक ठेवून गेल्या... तर रविवारी दुपारी देवासला माझ्या टेबलावर असलेलं कार्ड त्यात कसं गेलं? बाबा म्हणतात, कार्डं दोन असतील. मग माझं कुठे गेलं?

काकांना असले प्रश्न पडलेच नाहीत. त्यांनी यादीतल्या माझ्या 'हरवले'वर काट मारून 'परत आले' लिहिलं, सही केली आणि चार्ज दिला. मी तिकीट परत करायला गेले तर घेईनात. म्हणाले, "नियम काय शिकलीस? पुस्तक आलं की तिकीट वाचकाच्या हातात. तोवर तू सांभाळ."

पोर्टफोलिओला मार्क बरे मिळाले. झालं ते कसं झालं, हे मला अजून कळलेलं नाही, आणि आता मी फार विचारतही नाही. फक्त एक विनंती. निसरपूरकडचं कोणी हे वाचत असेल आणि टेंबे बाई कुठे असतात ते ठाऊक असेल, तर कृपा करून कळवा. त्यांचं तिकीट माझ्याकडे आहे. द्यायचं राहिलंय.