रुळातला अक्षतेचा दाणा

लष्कर मोहल्ल्यात लाकूड कोरायचं सीएनसी मशीन चालवणारा एक माणूस आहे. काहीही सांगा, कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणतो आणि स्वतःचंच खरं करतो. मशीन हादरतं का ते बघायला त्याच्यावर कॉफीचा भरलेला पेला ठेवतो. कॉफी सांडली की मशीनला शिव्या घालतो आणि उरलेली पितो.

बायको गेल्यावर मी त्याला तिचा चेहरा फळीवर कोरायला सांगितला. "सरी अज्जा, पण मशीनचं डोकं या जुन्या पट्ट्यांवरून सरकताना हादरतं, गालाला पायऱ्या पडतील. नवे पोलादी रूळ बसवतो." बसवले. कॉफी हलेना. खूश होऊन त्यानं रुळांची पूजा केली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या.

मग कोरताना मशीननं एकच गचका खाल्ला आणि बायकोचा ओठ वाकडा झाला. रुळात अक्षतेचा दाणा अडकला होता.

"थू! दुसरी करतो, अज्जा."

"हात लावू नको. मला बघून ती असंच तोंड करायची."

त्यानं चिमट्यानं दाणा काढला, कागदात बांधला आणि माझ्या खिशात घातला. "नोडी, हे बघा, जपून ठेवा. पुन्हा कोरायची झाली तर लागेल."

मूर्ख माणूस. दाणा मी देवघरात ठेवलाय.