मानाच्या क्रमाने लागलेलं इंटरनेट

मुरुडच्या निम्म्या घरांत इंटरनेट पोचवतो तो गुरुलिंग. लातूरला नेटवर्किंगचा कोर्स केलेला, कामाला वाघ. पण नातेवाईक समोर आले की मेणाहून मऊ. त्याच्या बहिणीच्या लग्नात मलप्पामामांना फेटा तिसरा बांधला गेला, तर मामा भरल्या ताटावरून उठले आणि पुढं वर्षभर अबोला. तो धसका गुरुलिंगने कायमचा घेतला.

म्हणून दुकानातल्या सर्व्हरवर घरोघरच्या वेगाचे नियम लिहायची वेळ आली, तेव्हा या शहाण्याने ते मानाप्रमाणे लिहिले. पहिला मामांचा, मग सासऱ्यांचा, मग गावातल्या बड्या लोकांचा. सगळ्यात शेवटी पलीकडच्या वस्तीत ब्लाउज शिवणारी कोंडाबाई. वर मामांना सांगूनही आला, "गावात तुमचा नंबर पहिला."

यंत्राला कसला आलाय मानपान? माहितीचं प्रत्येक पुडकं आलं की यंत्र पहिल्या नियमापासून विचारत सुटायचं: हे मामांचं का? सासऱ्यांचं का? घरं वाढली तशी कोंडाबाईपर्यंत पोचता पोचता त्याला धाप लागू लागली.

यावरचा उपाय गुरुलिंगला ठाऊक होता. हॅश टेबल. किराणा दुकानात जिरं मागितलं तर मालक पहिल्या डब्यापासून झाकणं उघडत बसत नाही, थेट जिऱ्याच्या डब्यात हात घालतो. तसंच पुडक्यावरच्या पत्त्याच्या शेवटच्या आकड्यावरून थेट त्या घराच्या खणात जायचं. पण मग पहिला आणि शेवटचा कुणीच उरत नाही. त्याने मामांना भीत भीत विचारलं.

"माझं नाव वरच ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "चारचौघात सांगितलंय म्या."

"हाव, मामा." झालं. विषय तिथंच संपला.

पुढं कोंडाबाईच्या मुलीची, सुकन्याची, पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत ठरली, व्हिडिओवर. त्या वस्तीत मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे सगळी भिस्त गुरुलिंगच्या तारेवर. नेमका त्याच दुपारी क्रिकेटचा सामना, आणि सगळं गाव सामन्याला चिकटलेलं. सुकन्याचा आवाज तुटत राहिला, चेहरा पडद्यावर थिजला. साहेबांनी थोडी वाट बघितली आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

नकार आल्यावर ती सकाळीच दुकानात आली. "गुरुदादा, पैसे तर आमी बी सगळ्यांएवढेच देतो. मग आमचंच का अडकतंय?"

त्याला मान वर करवेना. मामांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. ती गेल्यावर त्याने शटर ओढलं, सगळे नियम पुसले आणि हॅश टेबल उभं केलं. कुणकुण लागून दुपारी मामा आले. "माझा नंबर कितवा?"

"आता नंबरच न्हाई, मामा."

मामा पाय आपटत निघून गेले. पुन्हा अबोला. या वेळी गुरुलिंगला त्याचं काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी तो कोंडाबाईकडे लाइन तपासायला गेला. सुकन्या आईच्या जागी शिलाई मशीनवर बसली होती. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती मात्र हसली.

"आता लई भारी चालायलंय, दादा. आईची मालिका एकदाबी अडकली न्हाई."