भावजी आणि रेसचा गेरबॉक्स

उमेशचा फोन आला तेव्हा मी अंगणात कैरीच्या फोडींची आंबोशी वाळत घालत होतो. "मामा, पप्पा गेले," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "गाडी चालवताना?" भाचा बाप गेल्याचं सांगतोय आणि मामा गाडीचं विचारतोय... पण उमेशलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. "नाही मामा, आरामखुर्चीत. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि मान टाकली." मग त्यानं आपणहून सांगितलं, "गाडी शेडमध्येच आहे." त्यानंतर आम्ही दोघे रडलो. त्या घरातली कुठलीही बातमी गाडीच्या बातमीशिवाय पुरी होत नसे, मग ही तरी कशी होणार.

भावजी म्हणजे डिचोलीचे पांडुरंग, माझ्या थोरल्या बहिणीचे, कुसुमआक्काचे यजमान. मी त्यांचा एकुलता एक मेवणा, पेडण्याच्या मामलेदार कचेरीत कारकून. मेवण्यानं भावजींची टर उडवायची आणि भावजींनी मेवण्याला राबवून घ्यायचं, ही आमच्याकडची वहिवाट आम्ही उभा जन्म इमानानं पाळली. आता टर उडवायला माणूसच उरला नाही. आक्का म्हणाली, "घरात बसून कुढतोस, त्यापेक्षा लिही काहीतरी." म्हणून हे.

गोवा मुक्त झाला त्यानंतरच्या वर्षांत डिचोलीच्या खाणींवर ड्रायव्हर म्हणजे राजा होता. भावजी खनिजाचा ट्रक चालवायचे. संध्याकाळी घरी यायचे ते डोक्यापासून पायापर्यंत लाल, आणि आंघोळीच्या दगडावर बसूनही त्यांची बडबड चालूच. एके दिवशी चढावर उभा केलेला ट्रक मागे सरला आणि भावजींचा डावा पाय चाकाखाली आला. पाय वाचला, घोट्यातली ताकद मात्र गेली. लंगडत चालता यायचं, पण क्लच दाबायचं नाव नको. खाणवाल्यांनी माणुसकी दाखवली आणि त्यांना फाटकावर बसवलं. काम काय, तर स्टुलावर बसायचं, ट्रक आला की आडवा दांडा वर करायचा, गेला की खाली करायचा. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर ते शर्यती लावायचे त्यांचेच ट्रक दिवसभर डोळ्यांसमोरून जाणार. भावजी बोलायचे बंद झाले. जेवायला बसले तरी भिंतीकडे तोंड करून बसायचे. आक्का म्हणायची, "दत्तू, घरात पाहुणा राहतोय असं वाटतं रे."

अशात एकदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी आमच्या पेडण्याच्या म्हाताऱ्या भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, गंमत सांगितली. त्याच्याकडे पोर्तुगिजांच्या काळात आलेली एक लांबलचक अमेरिकन गाडी होती. मुलं परदेशात, गाडी झावळ्यांच्या मांडवाखाली, आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. का, तर कुठला ड्रायव्हर त्या गाडीत टिकत नाही. बसला की पायानं क्लच शोधतो, आणि गाडीला क्लचच नाही. भावजींनी हातातला घास ताटात ठेवला.

"क्लच नाय?"

"नाही."

"मगे गेर कोण बदलता?"

"आपोआप बदलतात म्हणे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं भावजी पेडण्यात हजर. भाटकाराला दर सोमवारी देवळात नेऊन आणायचं, एवढ्या बोलीवर त्यांनी ती गाडी मिळवली. कोंबड्यांना हुसकावलं, सीट घासली, इंजिनाला जाग आणली, आणि एका पायानं गाडी चालवत डिचोलीला घेऊन आले. आक्का सांगते, दारात गाडी उभी करून ते उतरले तेच बडबडत. रात्री जेवताना तोंड भिंतीकडे नव्हतं. मग गाडीची टॅक्सी झाली, लग्नसराईत वरातीची गाडी झाली. खाणीच्या फाटकाला भावजींनी लांबूनच रामराम ठोकला.

सुख टोचतं म्हणतात ते खोटं नाही. अस्नोड्याच्या चढावर एक दिवस इंजिन गर्जत राहिलं आणि गाडी जागची हलेना. डिचोलीचा गाड्या दुरुस्त करणारा इनास मेस्त गाडीखाली शिरला, बऱ्याच वेळानं बाहेर आला आणि त्यानं छातीवर क्रूस काढला. "पांडू, इंजीन जिवें आसा, पूण गेरबॉक्स मेलो." आतल्या प्लेटी जळून कोळसा झाल्या होत्या. असले आपोआप चालणारे गेरबॉक्स उघडून पुन्हा नवे करणारा माणूस अख्ख्या गोव्यात नव्हता. कोल्हापुरात एक होता, संस्थानिकांच्या गाड्यांवर हात बसलेला, त्याच्याकडे तयार गेरबॉक्स विकत मिळतात असं इनासनं ऐकलं होतं. भावजींनी गाडीच्या बॉनेटवरून एकदा हात फिरवला. घरी आले आणि जेवायला बसले... भिंतीकडे तोंड करून. आक्कानं मला मागच्या पडवीत ओढलं. "दत्तू, ह्यांका घेवन जा. काय्य कर, पण गेरबॉक्स हाड. हे परत त्या स्टुलार बसले तर माझो घोव माका परत गावचो नाय." आक्का एरवी माझ्याशी चांगलं शाळेतलं मराठी बोलते. ती घरच्या बोलीवर येऊन 'नवरा परत मिळणार नाही' म्हणते, म्हणजे विषय गंभीर, हे मला ठाऊक होतं.

निघण्याआधी आमच्या पेडण्याच्या ग्रामदेवतेला कौल लावणं आलंच. आमच्याकडे देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कोल्हापूरला जावं का, असं विचारलं, आणि उजवी पडली. भावजी खूश. मी म्हटलं, "देवाला तरी दुसरं काय सुचणार, गोव्यात गेरबॉक्स मिळतच नाही." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी सरळ प्रसादाला हात पुढे केला.

कोल्हापुरात तात्या मिस्त्रींचं दुकान म्हणजे एक लांब पत्र्याची शेड. तात्या सरळ माणूस. दोन गेरबॉक्स दाखवून म्हणाले, "हे बघा पाव्हणं, दोन्ही उघडून नवं केल्यात, दोन्ही तुमच्या गाडीला बसत्यात. ह्यो साधा, लोण्यावानी चालंल. आन् ह्यो रेसचा. एका हौशी गड्यानं शर्यतीसाठी बनवून घेतलावता. प्लेटी जादा, स्प्रिंगा कडक. मग गड्याचं लगीन झालं, आन् बायकूनं शर्यत बंद केली. ताकद लई हाय, पर गेर बदलताना दणका देतो. तुमी टॅक्सीवालं, साधा न्या." इतका स्वच्छ सल्ला दुकानदार देतो कुठे? मी लगेच मान डोलावली. पण भावजी दोन्ही गेरबॉक्सांकडे आळीपाळीनं बघत राहिले. साधा घेतला आणि तोही चढावर जळला तर? रेसचा घेतला आणि गिऱ्हाईकच पळालं तर? शेवटी मला म्हणाले, "देवाक विचारूक होया."

"भावजी, देव पेडण्यात."

"देव खंयय आसता."

तात्यांच्या दुकानातल्या देवाच्या फोटोला जास्वंद वाहिलेलं होतं. भावजींनी परवानगी मागून त्याच्या दोन पाकळ्या घेतल्या, माठातल्या पाण्यात बुडवल्या, आणि एकेका गेरबॉक्सावर एकेक चिकटवली. ज्याची पाकळी आधी पडेल तो आपला. मग हात जोडून, डोळे मिटून उभे. तात्या मिस्त्रींनी आयुष्यात तऱ्हतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली असतील, पण हे नवीनच. तेही पाना बाजूला ठेवून बघत राहिले. आता मला जे दिसत होतं ते सांगतो. साधा गेरबॉक्स कोपऱ्यात कोरडा ठणठणीत होता, आणि रेसच्या गेरबॉक्साला गंज चढू नये म्हणून तात्यांनी तेल चोपडलं होतं. त्याच्यावरची पाकळी भावजींनी हात काढायच्या आतच घसरायला लागली आणि जमिनीवर आली. "भावजी, त्याला तेल लावलंय," मी म्हटलं. भावजींनी डोळे उघडले, शांतपणे पाकळी उचलून खिशात ठेवली आणि म्हणाले, "देवान तेल खंय लावचा ता आधीच ठरवलेला आसता." तात्यांनीही हात जोडले. देवच म्हणतोय तर मिस्त्रीनं कशाला आडवं यायचं. साध्या गेरबॉक्सावरची पाकळी आम्ही निघालो तोवर जागची हलली नव्हती, एवढं मात्र नमूद करतो.

म्हापशाला गूळ घेऊन चाललेला ट्रक मिळाला. मी केबिनमध्ये बसलो. भावजींना सांगून पाहिलं, पण त्यांनी ऐकलं नाही. ते मागे गुळाच्या ढेपांवर बसले, लंगडा पाय लांब करून, गेरबॉक्सावर हात ठेवून. आंबोलीचा घाट त्यांनी तसाच उतरला. पेडण्यात ट्रक थांबला तेव्हा गेरबॉक्सासकट भावजींना मुंग्या लागल्या होत्या. खाजवत खाजवत ते मला म्हणाले, "बघ दत्तू, गोड आसा म्हणान येतत." माणूस पुन्हा बोलायला लागला होता. मला वाटलं, रेसचा तर रेसचा, आपलं काम झालं.

इनासनं गेरबॉक्स बसवला. नारळ ठेवून भावजींनी स्वतःच गाऱ्हाणं घातलं: बा देवा म्हाराजा, ह्या गेरबॉक्साक कोणाची नजर लागली आसात, कोणी वाकडा बोल्लो आसात, तर ता दूर कर रे म्हाराजा. आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. 'कोणी वाकडा बोल्लो' म्हणताना त्यांनी माझ्याकडे का बघितलं, ते त्यांनाच माहीत. मग आक्का आणि इनास मागे, मी पुढे, आणि गाडी निघाली. पहिल्या गेरातून दुसऱ्यात जाताना असा दणका बसला की आमच्या तिघांच्या माना पुढे जाऊन मागे आल्या. भावजींनी काळजीनं विचारलं, "कसो वाटता?" आणि तेवढ्यात तिसरा गेर पडला. तिघांनी पुन्हा मान हलवली. "बघ, सगळ्यांका पसंत आसा," भावजी म्हणाले. आक्का पदर तोंडात कोंबून हसत होती. किती महिन्यांनी हसली ती, तिचं तिलाच ठाऊक.

त्या दिवसापासून डिचोलीपासून पेडण्यापर्यंत गाडीचं नाव पडलं 'व्हय म्हाराजा'. बसला तो मान हलवल्याशिवाय उतरत नसे. काजूच्या बागेवरून भांडणारे दोघे भाऊ एकदा वकिलाकडे एकाच टॅक्सीनं निघाले, दुसरी गाडीच मिळाली नाही म्हणून. वाटेत थोरला चिडून म्हणाला, "विहिरीकडची बाजू सोडतोस का माका?" नेमका गेर पडला आणि धाकट्यानं मान हलवली. मग जे काय रामायण झालं ते झालं, पण म्हापशाला पोचेपर्यंत दोघेही हसायला लागले होते. वकिलाचं एक गिऱ्हाईक गेलं. लग्नात तर विचारूच नका. नवऱ्यामुलांच्या आयांना ही गाडी फार आवडायची. सासू काही बोलली की सून आपोआप मान हलवते, सासरी जाईपर्यंत सवय होते, म्हणत.

मला मात्र ते हसणं टोचायचं. लोक आमच्या भावजींना हसतात असं वाटायचं. एकदा म्हटलं, "भावजी, तात्यांकडे जाऊ, ते बदलून साधा देतील." आयुष्यात ते माझ्यावर खरे रागावले ते तेवढ्या एकाच वेळी. गाडी कडेला घेऊन उभी केली. "दत्तू, फाटकार बसान मी येणाऱ्या-जाणाऱ्याक सलाम करी होतंय. आता सगळे माझ्या गाडयेत बसान माका मान हलवतत. तू ता बदलूक सांगतंस?" मी नंतर पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पुढे त्यांनी गेर पडायच्या क्षणी उजवा पाय किंचित उचलून दणका हलका करायची कला साधली. पण खत्रूड गिऱ्हाईक बसलं की ती कला ते विसरायचे.

तो गेरबॉक्स म्हाताऱ्या भावजींच्याही पुढे टिकला. शेवटची काही वर्षं गाडी फक्त वरातींना निघायची, आणि चालवायचे तेच. पोटच्या मुलालासुद्धा त्या सीटवर बसू दिलं नाही. आता शेडचा पत्रा गळायला लागलाय, पावसाळा तोंडावर, म्हणून गेल्या आठवड्यात आक्का म्हणाली, "दत्तू, गाडी तुझ्याकडे ने." उमेशनं चावी माझ्या हातात दिली. स्वतः बसायला तो तयार होईना.

मी दार उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेवर बसलो. सवयीनं माझा डावा पाय क्लच शोधायला गेला आणि खाली काथ्याच्या पायपुसण्यावर पडला. मी वाकून बघितलं. उजव्या बाजूला काथ्या पार झिजून गेलेला, खालचा पत्रा चकचकत होता. डाव्या बाजूला तोच काथ्या नवाकोरा, बाजारातून आणल्यासारखा उभा. फक्त एका जागी टाचेएवढा खळगा. इतकी वर्षं तो पाय तिथे ठेवला होता आणि तिथून हलला नव्हता... दुखतोय असं भावजी कधी म्हणाले नाहीत, आणि टर उडवण्याच्या नादात मीही कधी विचारलं नाही. माझी टाच त्याच खळग्यात जाऊन बसली होती. मला रडू आवरेना. उमेश बाहेरून विचारत होता, "मामा, काय झालं? चालू होत नाही का?"

"होतेय रे," मी म्हटलं, आणि डावा पाय तिथंच ठेवून गाडी सुरू केली.